रिकाम्या भांड्यांचा सण

ही गोष्ट खरं तर मी सांगायची नाही. ज्यांची आहे त्यांनीच मला बजावलं होतं, "बाहेर बोलू नकोस हं, लोक हसतील." पण ती हसण्यासारखीच आहे, आणि हसून झाल्यावर मनात राहणारी आहे. म्हणून हळू आवाजात सांगते.

एका गावात एक बाई राहत होत्या. त्यांच्या घरातून कुणाचं भांडं कधी रिकामं परत गेलं नव्हतं.

त्यांचं नाव तबिथाबाई. गावाच्या कडेला ख्रिस्ती लोकांची आळी होती. आळीच्या टोकाला लहानसं चर्च, आणि चर्चला लागून तबिथाबाईंचं दोन खोल्यांचं घर. दारात शेवग्याचं झाड, मागे कोंबड्या. घरात त्या एकट्याच.

शेजारणीने वाटीतून काही दिलं, तर ती वाटी परत करताना त्यात काहीतरी घालावं, ही रीत सगळ्याच गावांत आहे. चिमूटभर साखर घातली तरी चालतं. पण तबिथाबाईंच्या हातात ही रीत वाढत वाढत फार मोठी झाली होती. त्यांच्याकडे ताक गेलं तर लोणी परत यायचं. भरीत गेलं तर शेंगदाण्याची चटणी यायची आणि चटणीवर दोन अंडी ठेवलेली असायची.

शेजारच्या राहेलबाई म्हणायच्या, "तबिथेला काही द्यायचं म्हणजे मला धडकीच भरते. मी कारली दिली तर ही मला बैल देईल."

सगळे हसायचे. तबिथाबाईही हसायच्या. पण पुढची वाटी आली, की त्यांची नजर लगेच फडताळाकडे जायची. आता हिच्यात काय घालू?

एकदा राहेलबाईंना नात झाली. त्या पेढे घेऊन पहिल्यांदा तबिथाबाईंकडेच आल्या. पेढा तोंडात विरघळायच्या आत तबिथाबाईंनी पेटी उघडली आणि रात्र रात्र बसून स्वतःसाठी विणलेली लोकरीची शाल त्यांच्या हातात दिली.

राहेलबाईंचा चेहरा पडला. "मला तुझं तोंड गोड करायचं होतं गं," त्या म्हणाल्या. "एवढंच करायचं होतं."

तबिथाबाईंना त्यात काय चुकलं ते कळलं नाही.

त्याचं असं होतं. तबिथाबाईंना आईवडील आठवत नव्हते. त्या एका बोर्डिंगमध्ये वाढल्या होत्या. तिथल्या बाई वाईट नव्हत्या, पण जेवणाची घंटा झाली की दारात उभ्या राहून प्रत्येकीला विचारायच्या, "आज काय काम केलंस?" उत्तर मिळालं की ताट द्यायच्या. लहानग्या तबिथाला ताट रोज मिळालं, कारण ती रोज काम करायची. पण ताटातल्या घासांबरोबर तो प्रश्नही पोटात गेला आणि तिथेच राहिला.

देवाशीसुद्धा त्यांचं असंच चालायचं. रोज सकाळी त्या भिंतीवरच्या क्रूसापुढे उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "प्रभू, काल तू मला शांत झोप दिलीस. आज मी चर्चचं अंगण झाडीन." किंवा, "प्रभू, तू माझा ताप उतरवलास. आज मी आजाऱ्यांना पेज करून नेईन." देवाने दिलेलं काहीच त्या फार वेळ जवळ राहू देत नसत. जणू त्याचीही एक वाटी होती, आणि ती संध्याकाळच्या आत भरून परत जायला हवी होती.

चर्चमध्ये दर महिन्याला प्रभुभोजन व्हायचं. लोक रांगेने पुढे जायचे, आणि पाळकसाहेब भाकर मोडून एकेक तुकडा प्रत्येकाच्या तळहातावर ठेवायचे. प्रभूने आपल्यासाठी स्वतःला दिलं, याची ती आठवण. त्या गावात या भाकरीसाठी चपाती करायची, आणि ती चपाती कायम तबिथाबाईच करायच्या. पातळ, मऊ, एकही डाग नसलेली. तो तुकडा हातावर आला की त्यांना मनातून हायसं वाटायचं. पीठ माझं. भाजणं माझं. म्हणजे इथेही मी काही फुकट घेतलं नाही.

हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

वर्षातला त्यांचा सगळ्यात आवडता दिवस म्हणजे हंगामाचा सण. पिकं घरात आली की एका रविवारी सगळी मंडळी चर्चमध्ये देवाचे आभार मानायची. ज्याच्याकडे जे पिकलं असेल ते तो घेऊन यायचा. ज्वारीची कणसं, भोपळे, मिरच्या, पायाला दोरी बांधलेला कोंबडा. सगळं वेदीपुढच्या मेजावर ठेवायचं. कोंबडा मेजाखाली. मग उपासना, मग प्रभुभोजन, आणि शेवटी अंगणात सगळ्यांचं एकत्र जेवण. त्याला प्रीतिभोजन म्हणायचे.

त्या दिवशी तबिथाबाईंच्या दोन्ही हातांत टोपल्या असायच्या. मेजावर सगळ्यात जास्त त्यांचंच असायचं. जेवणाच्या वेळी त्या मोठ्या पातेल्यापाशी पळी घेऊन उभ्या राहायच्या. कुणी म्हटलं, "बाई, तुम्हीही बसा की," तर म्हणायच्या, "तुमचं होऊ द्या." सगळ्यांचं व्हायचं. मग पातेली घासायची असायची.

त्यांना पंगतीत बसलेलं गावात कुणीच पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी सण थोड्याच दिवसांवर आला होता. राहेलबाईंनी वाटीभर खीर पाठवली. नेमकं तेव्हा तबिथाबाईंच्या घरात देण्यासारखं काही नव्हतं. गूळ संपला होता. कोंबड्यांनी अंडी घातली नव्हती. वाटी धुऊन हातात घेऊन त्या दारात आल्या आणि वर पाहिलं. शेवग्याला शेंगा होत्या, पण उंच होत्या.

त्यांनी ओट्यावर पाट ठेवला. पाटावर डबा ठेवला. डब्यावर त्या स्वतः चढल्या आणि फांदी ओढली.

शेवग्याची फांदी किती ठिसूळ असते, हे तबिथाबाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या घटकेला त्यांना पडण्यापेक्षा रिकाम्या वाटीची भीती जास्त वाटत होती.

फांदी मोडली, डबा घरंगळला, आणि तबिथाबाई शेंगांसकट खाली आल्या.

आवाज ऐकून राहेलबाई धावत आल्या. "काय झालं गं? काय करत होतीस?"

"तुझी वाटी…" तबिथाबाई कण्हत म्हणाल्या.

"काय झालं वाटीला?"

"रिकामी होती."

राहेलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

उजवा हात मोडला होता. तालुक्याच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, सणबीण सगळं विसरा. प्लास्टर निघेपर्यंत हा हात काही करणार नाही."

त्या संध्याकाळपासून तबिथाबाईंकडे जेवण यायला लागलं. इतक्या वर्षांत ज्यांना त्यांनी कधी काही देऊ दिलं नव्हतं, त्या सगळ्यांना आता संधी मिळाली होती. एकीने पिठलं पाठवलं, दुसरीने भात. कुणी कालवण, कुणी थालीपीठ, कुणी नुसतंच गरम दूध. तबिथाबाई डाव्या हाताने चमच्याने खायच्या. डाव्या हातानेच भांडं घासायच्या. आणि पुसून भिंतीला लावून ठेवायच्या.

परत द्यायच्या नाहीत. रिकामं कसं द्यायचं?

"माझं पातेलं नेऊ का?" कुणी दारात येऊन विचारायचं.

"हात बरा होऊ दे," तबिथाबाई म्हणायच्या. "मी आणून देते."

राहेलबाई तर रोज भांडायच्या. "मला माझी वाटी हवी आहे. तुझा हात बरा व्हायची वाट बघत मी आमटी कशात घेऊ?"

"थोडे दिवस थांब गं."

"आमटी थांबत नाही, तबिथे!"

आळीतली भांडी हळूहळू दिसेनाशी झाली. राहेलबाईंचे यजमान तांब्यातून चहा प्यायला लागले. एका घरी परातीऐवजी सुपात कणीक मळायचा प्रयत्न झाला आणि तो फसला. पाळकसाहेबांच्या घरात दूध चहाच्या किटलीत तापायला लागलं. तरीही जेवण पाठवणं कुणी थांबवलं नाही. शेवटी पाळकीणबाईंकडे खिचडी पाठवायला एकही भांडं उरलं नाही, तेव्हा त्यांनी चर्चच्या सामानातलं प्रीतिभोजनाचं मोठं पातेलं काढलं, त्याच्या तळाशी दोन डाव खिचडी घातली आणि दोघांकडून उचलून ते पाठवून दिलं.

ते पातेलंही भिंतीला लागलं. त्यावर चादर टाकली.

तबिथाबाईंच्या घरात आता चालायला वाट नव्हती. त्या खाटेवर बसून भांड्यांकडे पाहायच्या आणि प्रत्येक भांडं जणू विचारायचं, आज काय काम केलंस?

आणि एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. त्यांनी प्रार्थना करणं सोडलं होतं.

रागाने नव्हे. लाजेने. सकाळी उठून क्रूसापुढे उभं राहायचं आणि म्हणायचं काय? प्रभू, काल तू मला इतक्या घरांचं जेवण दिलंस, आज मी… आज मी काय करीन? काहीच नाही. वाक्य तिथेच अडायचं. मग त्यांनी खाट फिरवून घेतली, म्हणजे उठल्याबरोबर क्रूसाकडे नजर जायला नको. क्रूस पुसायच्या, पण वर न बघता. ओळखीच्या माणसाला रस्त्यात टाळावं, तशा त्या आपल्याच घरात देवाला टाळत होत्या.

सण आला तेव्हा त्यांनी ठरवलं होतं. या वर्षी चर्चला जायचं नाही. मेजावर ठेवायला काही नाही. भाकर आपण केलेली नाही. पळी धरायला हात नाही. असं जाऊन देवापुढे उभं राहणारी मी कोण?

आदल्या दिवशी दुपारी दारात गलका झाला. राहेलबाई पुढे, मागे आळीतल्या बायका, आणि सगळ्यांच्या मागे पाळकसाहेब. ते बिचारे जरा चोरट्यासारखे उभे होते, कारण चर्चचं पातेलं त्यांच्याच घरातून गेलं होतं.

"सलाम, तबिथाबाई," ते म्हणाले. "उद्याच्या स्वयंपाकाला भांडी नाहीत. म्हणजे, गावातच नाहीत."

"साहेब, भरून देते मी सगळी. हात बरा झाला की…"

"सण उद्या आहे," राहेलबाई म्हणाल्या.

तबिथाबाई दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "रिकामी नाही देणार मी. आजवर दिलं नाही."

"अगं बाई," राहेलबाईंनी हात जोडले, "आम्हाला रिकामीच हवीत! भरलेल्या पातेल्यात मी भात कुठे शिजवू?"

बायका खो खो हसायला लागल्या. पाळकसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. तबिथाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या नुसत्या राहेलबाईंकडे पाहत राहिल्या. मग बाजूला झाल्या, आत गेल्या आणि चादर ओढली.

एकेक भांडं त्या डाव्या हाताने उचलून बाहेर देऊ लागल्या. पहिलं भांडं देताना त्यांना चारचौघांत पदर फाटावा तशी लाज वाटत होती.

"ही माझी कढई!"

"अगोबाई, माझा डबा! मला वाटलं हरवला."

"हे कुणाचं? कान मोडलेलं?"

"आमचं, आमचं! द्या इकडे."

अंगणात भांड्यांचा नुसता खणखणाट झाला. बायका आपापली भांडी ओळखून काखोटीला मारत होत्या, दुसरीची चुकून घेतलेली परत करत होत्या, चिडवत होत्या. राहेलबाईंना त्यांची वाटी मिळाली, तर त्यांनी ती टोपीसारखी डोक्यावर ठेवली. तबिथाबाई दारात उभ्या राहून सगळ्यांकडे बारकाईने पाहत होत्या. आता कुणीतरी तोंड वाकडं करील. कुणीतरी आत बघेल आणि गप्प होईल.

पण एकही बाई भांड्यात डोकावली नाही.

एकीनेही नाही. आत काय आहे, हे पाहायचं कुणाला सुचलंच नाही.

सगळ्या गेल्यावर राहेलबाई मागे राहिल्या. "उद्या ये," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडे आणायला काही नाही."

पाळकसाहेब हे ऐकून फाटकातून परत फिरले. त्यांनी घसा खाकरला. "तबिथाबाई, देवाची प्रीती ही अशी गोष्ट आहे की—"

"साहेब, तुमचं उद्या आहेच," राहेलबाई म्हणाल्या. "आज पातेलं न्या."

साहेब निमूटपणे ते मोठं पातेलं घरंगळवत घेऊन गेले.

"प्रभुभोजनाची चपाती कोण करतंय?" तबिथाबाईंनी विचारलं.

"मी."

"तुझी वातड होते."

"मग वातड खा," राहेलबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजली. तबिथाबाई खाटेवर बसल्या होत्या. सवयीने त्यांनी धुतलेलं लुगडं कसंबसं नेसलं होतं, पण एका हाताने नीट नेसता आलं नव्हतं. अंबाडा बांधता आला नव्हता. केस पाठीवर तसेच मोकळे होते.

घर अगदी मोकळं झालं होतं. भिंती पुन्हा दिसत होत्या. पाय मोकळे करायला त्या उठल्या, वळल्या, आणि कितीतरी दिवसांनी थेट क्रूसापुढेच आल्या. आता तोंड फिरवणं बरं दिसलं नसतं.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "मी आज येत नाही. ते सांगायला उभी आहे. माझ्याकडे काही नाही."

त्या थांबल्या. पुढे "पण मी अमुक करीन" असं म्हणायची सवय होती. ते म्हणायला तोंड उघडलं आणि काही आलं नाही. पहिल्यांदाच त्यांची प्रार्थना तिथेच संपली.

मागच्या दारी एक कोंबडी कलकलत होती. चर्चमध्ये पेटी वाजायला लागली होती. बाकी काही झालं नाही. पण तबिथाबाईंना एकदम कालचं अंगण आठवलं. त्या सगळ्या बायका, ती सगळी भांडी, आणि एकही नजर आत न वळलेली.

"तूही डोकावत नाहीस का रे?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "इतकी वर्षं मी भरभरून पाठवत होते. तू बघतच नव्हतास का?"

आणि त्यांना हसू आलं. एकट्या, भर सकाळी, केस मोकळे सोडून त्या क्रूसापुढे हसत राहिल्या. मग चपला घातल्या आणि तशाच चर्चकडे निघाल्या.

त्या पोहोचल्या तेव्हा लोक रांगेने वस्तू मेजावर ठेवत होते. सगळ्यांचे हात भरलेले. तबिथाबाई मोकळा डावा हात घेऊन रांगेत शिरल्या. वाटेत दोनदा त्यांना वाटलं, परत फिरावं. पण त्यांच्या मागे राहेलबाई होत्या, आणि राहेलबाईंच्या हातात भला मोठा भोपळा होता.

मेजापाशी त्या उभ्या राहिल्या. ठेवायला काही नव्हतं. पाळकसाहेब त्यांच्याकडे पाहत होते. त्या पाळकसाहेबांकडे पाहत होत्या. काय करायचं ते दोघांनाही कळेना.

"झालं ना गं?" मागून आवाज आला. "पुढे सरक. भोपळा जड आहे."

तबिथाबाई पुढे सरकल्या. आभाळ कोसळलं नाही. मेजाखालचा कोंबडा आरवला, एवढंच.

मग प्रभुभोजन झालं. त्यांनी डावा हात पुढे केला. पाळकसाहेबांनी त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "प्रभूने हे तुमच्यासाठी दिलं आहे."

हे शब्द त्यांनी कितीतरी वेळा ऐकले होते. पण आजवर तळहातावर त्यांना आपलंच पीठ दिसायचं. आज तुकडा जाड होता, एका बाजूने करपलेला होता, आणि त्यात त्यांचं काहीच नव्हतं. पीठ त्यांचं नाही, भाजणं त्यांचं नाही, हातसुद्धा त्यांचा नेहमीचा नाही. तरी तो त्यांच्यासाठीच होता.

त्यांनी तो तोंडात घातला. राहेलबाईंची चपाती खरंच वातड होती. ती चावायला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात तबिथाबाईंना पुष्कळ गोष्टी कळल्या. देवाने त्यांना बोर्डिंगच्या दारात कधीच थांबवलं नव्हतं. आज काय काम केलंस, हा प्रश्न त्याचा नव्हताच. तो फक्त देत होता. आणि त्या दर वेळी त्याच्या हातात काहीतरी कोंबून दार लावून घेत होत्या. पेढा खायच्या आधी शाल द्यावी, तसं.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड चावत होतं. शेजारी उभ्या राहेलबाई घाबरल्या. "इतकी वाईट झालीय का?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"छान झालीय," तबिथाबाई म्हणाल्या. आणि मग, खोटं बोलायचं नाही म्हणून, "वातड आहे. पण छान आहे."

दुपारी अंगणात पंगत बसली. पत्रावळी मांडल्या. मोठ्या पातेल्यातून वाफ येत होती. सगळ्यांनी तबिथाबाईंकडे पाहिलं. त्या सवयीने पातेल्याकडे चार पावलं गेल्या. मग थांबल्या. मग वळल्या आणि पंगतीतल्या एका रिकाम्या जागेवर मांडी घालून बसल्या.

वाढणाऱ्याची पळी हवेतच राहिली.

"काय बघता?" राहेलबाई ओरडल्या. "माणूस बसलंय जेवायला. वाढा!"

भात आला, वांग्याचं कालवण आलं, लापशी आली. तबिथाबाईंनी पत्रावळीकडे पाहिलं, प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं. पंगतीत डाव्या हाताने कसं खायचं? त्या संकोचून बसून राहिल्या.

तेवढ्यात राहेलबाई येऊन त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. त्यांनी भात कालवला, घास केला आणि पुढे धरला.

"तोंड उघड."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत. आजवर 'तुमचं होऊ द्या' म्हणायला उघडलंस, आता खायला उघड."

तबिथाबाईंनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या त्या बाई, पाखराच्या पिल्लासारख्या. पहिला घास त्यांनी डोळे मिटून घेतला. दुसरा डोळे उघडे ठेवून. तिसऱ्याला त्यांनी "थोडं मीठ" असं सांगितलं, आणि राहेलबाई म्हणाल्या, "आली बाई लायनीवर."

पत्रावळ संपली. राहेलबाई हात झटकून उठायला लागल्या. तबिथाबाईंनी डाव्या हाताने त्यांचा पदर धरला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आयुष्यात हे वाक्य त्यांनी कधी कुणाला म्हटलं नव्हतं, देवालाही नाही. म्हणून ते जरा मोठ्यानेच बाहेर पडलं आणि अख्ख्या पंगतीने ऐकलं.

"राहेल, लापशी अजून वाढ ना!"

तात्पर्य: देवाची प्रीती ही आपल्या कामाची मजुरी नाही, आणि ती त्याला भरून परतही करायची नाही. ती रिकाम्या हाताने, तोंड उघडून, पोटभर घ्यायची असते. आपण घेतो यातच त्याला आनंद आहे. आणि ज्याला असं घेता आलं, तो पुढे दुसऱ्याला जेव्हा काही देतो, तेव्हा ते फेडण्यासाठी नसतं, तर— आले, आले! हो, हात धुतलेत मी. तुम्ही वाढायला घ्या, मी एवढं एक वाक्य संपवते आणि…